क्लच कव्हरवरचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि ती तर तेव्हा दोन पावलांवर उभी होती. आज का सांगतोय, तेही धड कळत नाही.

मला मोटरसायकलच्या इंजिनाचे भाग घासून चकचकीत करायचा नाद आहे. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरी, गॅलरीत, रविवारी. बादलीत भिजवलेला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी पेस्ट आणि जुन्या बनियनचं फडकं. हात काळे होतात, डोकं शांत होतं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच खालचे सामंतकाका त्यांच्या जुन्या मोटरसायकलचं क्लच कव्हर, इंजिनाच्या बाजूचं झाकण, घेऊन आले.

काकू जाऊन तेव्हा वर्ष झालेलं. काकांनी कव्हराच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे बारीक, वेडीवाकडी अक्षरं होती – कुसुम. काकूंचं माहेरचं नाव. लग्नात ते बदलून मालती ठेवलेलं. एकदा शीळफाट्यावर गाडी बंद पडली, काका मेकॅनिक शोधायला गेले, आणि काकूंनी बसल्या बसल्या बांगडीतल्या सेफ्टी पिनेने ते कोरलं.

"एवढं सोड हां. बाकी आरसा कर."

मी सोडलेलं. खरंच. वर चिकटपट्टीही लावलेली. पण बाकीचं कव्हर लखलखायला लागलं आणि तो एवढासा मळका तुकडा मला खुपायला लागला. पट्टी काढली. कडेकडेने जरा, म्हणून पेपर फिरवला. चुकून झालं, असं मी स्वतःला सांगत आलो – पण मी पेपर तीनदा बदलला. चुकून कुणी तीनदा पेपर बदलतं का?

काका आले. कव्हर उजेडात धरलं, कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"नाव कुठंय रे?"

माफी मागायची ठरवून ठेवलेली. तोंडातून निघालं, "कुठलं नाव, काका?"

"अरे, कुसुम. तुला दाखवलं ना मी."

"नाही काका. यावर काहीच नव्हतं."

हे मी का म्हटलं? ते ओरडले असते का? नसते ओरडले. मग? स्वयंपाकघराच्या दारातून बायको काकांकडे बघत होती – कीव आल्यासारखी.

काकांनी घरी विचारलं. सून म्हणाली, आईंचं नाव तर मालती, आणि गाडीवर नाव कोण कशाला कोरेल? त्यांचा मुलगा मला जिन्यात थांबवून विचारून गेला. मी नुसती मान हलवली – नाही. तेवढ्यावर ते काकांना डॉक्टरकडे घेऊन गेले. मग गाडीची चावी काढून घेतली. मग काका एकटे बाजारात जायचे थांबले. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागले – आज गुरुवारच ना? मी जेवलो ना?

पुढे ते खरंच विसरायला लागले. गॅसवर दूध विसरले, एकदा माझं नाव विसरले. हे आधीपासूनच सुरू झालेलं, की स्वतःवरचा भरवसा उडाल्यावर सुरू झालं? कधी वाटतं, माझा काय संबंध, वयच झालेलं. कधी वाटतं – जाऊ दे. मला खरंच माहीत नाही.

गेल्या वर्षी काकांच्या मुलाने ठाण्याला, वर्तकनगरला घर घेतलं. निघायच्या दिवशी काका सुनेचा हात धरून वर आले. त्या दिवशी त्यांना सगळं स्पष्ट आठवत होतं. माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले.

"त्या कव्हरावरून मी तुझ्यावर उगाच संशय घेतला रे. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मनात ठेवू नकोस."

सून बाजूलाच होती. एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच.

"असू दे, काका," मी म्हणालो. "होतं असं."

त्यांचा चेहरा हलका झाला. एकेक पायरी चाचपत ते खाली उतरले, आणि मी दारात उभा राहिलो – त्यांना माफ करून.