मातीत ठेवलेला फोन

कॅमेऱ्यानं मान वळवली. मी दारातून टेबलाकडे गेले, तसा तोही माझ्या मागे वळला.

"घाबरू नका मॅडम," महानंदाबाई म्हणाल्या. "आमचे मालक हायत ते. मी जिकडं जाईन तिकडं बघतात."

मिहिर, सई, पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहून ठेवतेय. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून मी ओळखीच्यांची घरची नेटवर्क बघून देते. त्यासाठीच नांदेडहून लातूरला गेले होते. तक्रार एवढीच, की नेट हळू चालतं. बाईंचे यजमान उन्हाळ्यात वारले. आता घरात त्या एकट्या. कॅमेऱ्यासमोर चहाचा कप ठेवलेला होता.

मी राउटरचं पान उघडलं. राउटर म्हणजे घरभर वाय-फाय वाटणारी पेटी. तिला काय काय जोडलंय, ते तिथं दिसतं. बाईंचा फोन, टीव्ही, कॅमेरा. आणि चौथं नाव, विश्वनाथअप्पा.

"हा कुणाचा फोन?"

"मालकांचा. पण आमच्यात पुरतात, तो तर त्यांच्यासंगं मातीत ठेवला की! शिवराज भाऊजींनी सोताच्या हातानं."

नावापुढे हिरवा ठिपका होता. फोन त्या क्षणी चालू होता. माझ्या अंगावर काटा आला. मग डोकं चालू लागलं. मातीत बॅटरी टिकत नाही, आणि वाय-फाय एखाददुसऱ्या भिंतीपलीकडे पोचत नाही.

"भाऊजी कुठं राहतात?"

"हे काय, भिंतीला भिंत."

एन्क्रिप्शन म्हणजे हवेतून जाणाऱ्या मजकुराला लावलेलं कुलूप. ते होतं. पण किल्ली, म्हणजे पासवर्ड, जुनीच. यजमानांचं नाव आणि गाडीचा नंबर. कॅमेऱ्यालाही तीच.

"बदलू नका मॅडम. त्यांना येता येणार न्हाई."

"ते असतील, तर त्यांना पासवर्ड लागणार नाही."

बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं. "बदला," म्हणाल्या.

एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द त्यांनीच निवडून टाइप केले. मी पाठ फिरवली. कॅमेऱ्याला वेगळे चार. सगळी नावं विझली. बाईंची यंत्रं एकेक करून पुन्हा जोडली. चौथं नाव परत आलं नाही. बाई खोलीभर फिरून आल्या. कॅमेरा हलला नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, नेट गेलं का वो तुमचं?"

बाईंनी कप उचलला, चहा मोरीत ओतला आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, अजून दोन शब्द वाढवता येतील का?"

वाढवले. माणूस गेला, की रेशनकार्डावरचं नाव आपण आठवणीनं कमी करतो. पासवर्डही तेव्हाच बदलावा.