भावाच्या हाती दिलेलं समन्स

आमच्या शेजारचा बेलिफ, म्हणजे कोर्टाची समन्सं घरोघर पोचवणारा माणूस, मुळातच चंचल. गप्पा मारतानाही त्याचा एक पाय चपलेत. तीस वर्षं त्याने आरोपींना आणि त्यांच्या जामीनदारांना तारखा पोचवल्या. प्रत्येकाकडून तारीख मोठ्याने वदवून घ्यायचा. आम्हा नटांची तालीमही इतकी कडक नसे.

त्या सकाळी स्वतःचा आरसा फुटला म्हणून तो माझ्याकडे दाढी करत होता. अर्ध्यात वस्तरा थांबला.

"काका, त्या घरात दोन चुली होत्या."

"कुठल्या घरात?"

"रंगाऱ्याच्या. तो नव्हता म्हणून समन्स त्याच्या थोरल्या भावाला दिलं. त्याने सही केली, तारीखही म्हणून दाखवली. पण मध्ये पत्र्याची भिंत, दोन दारं, दोन चुली! ते भाऊ बोलत नसणार हो. आणि तारीख आजची, सकाळी अकरा वाजताची."

"सही आहे ना? मग तुझ्या अंगाशी काय येणार?"

"माझ्या नाही. पुकाऱ्याला तो नसला तर वॉरंट निघेल. त्याला जामीन राहिलेल्या मावशीचं इस्त्रीचं दुकान हमीत अडकलंय!"

गालावर साबण तसाच ठेवून तो धावला. मीही मागोमाग, रिकाम्या नटाला दुसरं काम काय!

रंगाऱ्याच्या दाराला कुलूप. शेजारच्या दारात थोरला दात घासत होता.

"समन्स दिलंत का त्याला?"

"मी? तीन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही. कपाटावर पडलंय."

"मग घेतलंत कशाला?"

"तुम्ही 'घ्या' म्हणालात, घेतलं. कोर्टाच्या माणसाला नाही कोण म्हणणार?"

"आता तो कुठे असेल?"

"मला काय ठाऊक!" त्याने चूळ भरली आणि भिंतीकडे बघत पुटपुटला, "बँकेमागची नवी इमारत. चौथा मजला. आठला डबा घेऊन गेलाय."

रंगारी खरंच चौथ्या मजल्याच्या परांचीवर होता.

"खाली उतर! आज तारीख आहे तुझी!" बेलिफ ओरडला.

"आज? मला कुणी सांगितलंच नाही!"

"मग मी काय गाणं म्हणतोय? उतर, मावशीचं दुकान जाईल!"

डबा, ब्रश, सगळं टाकून तो उतरला. रिक्षात बेलिफ दर चौकात ड्रायव्हरच्या खांद्यावर थापा मारत होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात मावशी येरझारा घालत होती. भाच्याला बघताच कडाडली, "मेल्या, होतास कुठे? माझा कागद चार दिवसांपूर्वी आला. मला वाटलं, तुलाही मिळाला असेल!"

"मग फोन करायचास ना, मावशी!"

"उचलतोस कधी?"

तेवढ्यात शिपायाने तिसरा पुकारा केला. नाटकाच्या तिसऱ्या घंटेला विंगेतल्या पात्राला ढकलावं, तसं मी त्याला दाराकडे ढकललं. रंगारी आत घुसत ओरडला, "हजर!" काय आवाज लावला पोराने! शेवटच्या रांगेसाठी कमावलेला माझा गळा त्यापुढे काहीच नाही.

न्यायाधीशांनी त्याच्या निळ्या हातांकडे पाहिलं आणि पुढचं काम सुरू केलं. मावशी बाकावर मटकन बसली.

बेलिफ मात्र समन्सांची नोंद ठेवणाऱ्या नाझरसाहेबांच्या टेबलाशी पोचला होता.

"साहेब, समन्सावरचा माझा 'बजावलं' हा शेरा चुकलाय. समन्स भावाला दिलं खरं, पण आरोपीपर्यंत पोचलंच नव्हतं."

"तो आला ना? मग झालं की."

"आज आला. उद्या कुणी या शेऱ्यावर विसंबलं तर?"

"लेखी खुलासा मागवतील. निवृत्तीला पाच महिने राहिलेत तुमच्या."

"कागद द्या."

"अहो, आधी तोंड धुऊन या!"

"नको, लिहून टाकतो. दुपारी सात समन्सं आहेत, आणि त्यातली दोन सख्ख्या भावांच्या घरची."