मेलेल्या शिपायाची पाठपिशवी

माझ्या मुलाचं घर वेलिंग्टनजवळच्या लोअर हट गावात. मी तिथं राहायला गेले तेव्हा टीव्हीवर इराकची लढाई दाखवत असत आणि मुलगा गॅरेजमध्ये बसून साठ वर्षांपूर्वीच्या लढाईची बक्कलं पुसत असे. इंजिनिअर माणूस. आठवडाभर ट्रेननं वेलिंग्टनला जाऊन नोकरी करायचा आणि शनिवारी अमेरिकन शिपाई व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची फौज इथं समुद्रकाठी तळ ठोकून होती. तिचं सोंग आणणारी पंधरा-वीस जणांची टोळी होती, त्यात हा एकटाच आपला. त्यांचा नियम असा, की अंगावरची प्रत्येक वस्तू त्या काळातली आणि खरी पाहिजे. पट्टा, पाण्याची बाटली, तंबूची खुंटीसुद्धा. कऱ्हाडला असताना यानं कधी स्वतःची चप्पल उचलून ठेवली नव्हती.

टोळीचा म्होरक्या एक रिटायर झालेला गोरा होता. स्वतःला सार्जंट म्हणवून घेई. कुठली वस्तू खरी, कुठली खोटी, हे तो सांगायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

मुलानं टौरंगाच्या एका म्हाताऱ्याकडून खटपट करून चामड्याच्या पेटीतला फौजी टेलिफोन मिळवला होता. सार्जंटनं तो मागून घेतला आणि बदल्यात एक पाठपिशवी दिली. खाकी कॅनव्हासची, तपकिरी डागांची, आत शाईनं एका शिपायाचं नाव. हा शिपाई इथल्या तळावरून बोटीनं बेटांवर लढायला गेला आणि मेला, असं सार्जंटनं सांगितलं. मुलगा पिशवी छातीशी धरून घरी आला.

"मेलेल्याची?" मी सुनेला विचारलं.

"हो आई. पण गॅरेजमध्येच राहील, देव्हाऱ्यापासून लांब."

सोमवारी दोघं कामाला गेली आणि मी पिशवी बादलीत भिजवली. परक्या मेलेल्या माणसाची वस्तू आमच्यात धुतल्याशिवाय वापरात घेत नाहीत. मग तो माणूस अमेरिकेचा असो नाहीतर शेजारच्या गावचा. पाणी तपकिरी झालं. साबण लावून दोनदा चोळली, वाळत घातली. संध्याकाळी दोरीवर नवीकोरी, फिकट पिशवी लटकत होती. नावही गेलं होतं.

मुलगा दोरीपाशी येऊन पिशवी आतून-बाहेरून बघू लागला. "आई, तो डाग साठ वर्षांचा होता. तू साबणानं धुतलास?"

"मग डाग कशानं धुतात?"

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

शनिवारी टोळी आमच्या अंगणात बार्बेक्यूला जमली. सार्जंटनं पिशवी उलटीपालटी करून पाहिली, मान हलवली आणि माझ्यापुढे कपड्यांच्या साबणाची वडी धरली. वडीला लाल रिबीन बांधलेली होती. म्हणजे घरूनच तयारी करून आला होता. काहीतरी बोलला, सगळे हसले.

"काय म्हणाला?" मी सुनेला विचारलं.

"जाऊ द्या ना आई."

"सांग."

"म्हणाला, गॅरेजला कुलूप लावा, घरात धोबीण आलीय."

धोबीण म्हटल्याचं मला काही नाही, धोबीण कष्टाचं खाते. पण हसणाऱ्यांत माझा मुलगा होता. त्या क्षणी मी ठरवलं, की या दोघांनाही सोडायचं नाही.

मुलानं पिशवी कचऱ्यात टाकली. मी ती काढून माझ्या खोलीत नेली. नवरा गेल्यावर बावीस वर्षं मी कऱ्हाडला ताडपत्रीच्या दुकानात ट्रकचे हूड शिवले आहेत. शाळा चौथीपर्यंत झाली, पण कॅनव्हासच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. साठ वर्षांचा मळ दोन धुण्यात निघत नाही. मी पिशवीचा तळ उलटा केला. कोपऱ्यातल्या शिवणीत चहाची पत्ती अडकली होती. शिपाई चहा पीत असेलही, पण पाठपिशवीत बुडवून पीत नसेल.

मग शिवणीतला दोरा उसवून निरांजनावर धरला. तो जळला नाही, वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. गॅरेजमधल्या खऱ्या पट्ट्याचा दोरा धरला, तो कागदासारखा जळून राख झाला. त्या काळात असल्या पिशव्या सुती दोऱ्यानं शिवत. वितळणारा दोरा नंतरचा.

मी मुलाला दोन्ही दाखवले.

"आई, प्लीज," तो म्हणाला. "तो माणूस वीस वर्षं हे गोळा करतोय. तू एक दोरा जाळून मला शिकवणार?"

बरं म्हटलं. आता तुलाही चारचौघांतच शिकवते.

मला घाई नव्हती. सुनेमार्फत निरोप दिला, की म्हातारी धुण्याबद्दल दिलगीर आहे, कोणाचं काही फाटलं असेल तर फुकट शिवून देईल. टोळी खूश. सार्जंट म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत झकास. सहा महिने माझ्याकडे पिशव्या, पट्टे, तंबूची कापडं येत राहिली. मी दाभण घेऊन, दोऱ्याला मेण लावून चोख काम केलं. वस्तू कोणी दिली होती ते सून प्रत्येकाला विचारायची. सार्जंटनं दिलेली असली की मी बोटभर दोरा काढून कागदाच्या पुडीत ठेवायचे आणि वर मराठीत लिहायचे, कोणाची, कुठली शिवण.

"आई, तुम्ही फार वाईट आहात," सून पुड्या बघून म्हणाली.

"तू बोलायला येशील ना?"

"रजा टाकते."

उन्हाळ्यात समुद्राकाठच्या मैदानावर त्यांचा मोठा तळ पडला. लोक बघायला आले होते. मी तंबूबाहेर शिवणकामाचं टेबल मांडून बसले होते. दुपारी जेवणाला सगळे जमले, तेव्हा मी निरांजन लावलं. ज्याची पुडी त्याला जवळ बोलवायचं, नाव वाचायचं, दोरा चिमट्यानं ज्योतीवर धरायचा आणि तयार झालेला मणी त्याच्या तळहातावर ठेवायचा. सून त्यांना इंग्रजीत सांगत होती आणि त्यांचं बोलणं मला मराठीत. चौथ्या मण्यानंतर कोणी खाईना.

सार्जंट पुढे आला. म्हणाला, "दोऱ्याचं काय, नंतर कोणीतरी पुन्हा शिवलं असेल."

याच वाक्याची मी वाट बघत होते. मी धुतलेली पिशवी काढली, शिवण उसवली आणि कापड उन्हात धरलं. पुन्हा शिवलेल्या कॅनव्हासवर जुनी भोकं राहतात, दोन रांगा दिसतात. इथं एकच रांग होती. उंच तरुण होता एक, त्यानं कापड हातात घेतलं, नंतर स्वतःची पिशवी उन्हात धरली. मग एकेक जण धरायला लागला.

सार्जंट सुनेला हळूच म्हणाला, "हिला काय पाहिजे? टेलिफोन परत देतो."

"टेलिफोन द्यावाच लागेल," मी म्हटलं. "आधी सगळ्यांपुढे म्हणायला सांग, की म्हातारीनं पिशवी बिघडवली नव्हती."

तो पुटपुटला. मी सुनेला म्हटलं, मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. मी पोटभर बघून घेतला.

"आई, पुरे," मुलगा माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला.

"आता तू."

"मी काय?"

"तू हसला होतास."

"आई, घरी गेल्यावर बोलू. इथं लोक आहेत."

"हसलास तेव्हाही लोक होते."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत राहिली. मग तो खाली मान घालून म्हणाला, "सॉरी आई."

"मराठीत."

अमेरिकन टोपी हातात धरून माझ्या इंजिनिअर मुलानं, सगळी टोळी बघत असताना, मराठीत माफी मागितली. शब्द कोणाला कळले नाहीत, पण काय चाललंय ते सगळ्यांना कळलं.

टोळी त्यानंतर फुटली. मुलाचे मित्र गेले, आणि त्याचं त्याला दुःख आहे. घरची गोष्ट घरात मिटवायला हवी होती, असं माझ्या बहिणीनंही फोनवर सुनावलं. मला तसं वाटत नाही. घरात मी सांगितलं होतं, तेव्हा कोणी ऐकलं नाही.

त्या दिवशी परत येताना मला कडकडून भूक लागली होती. वाटेत एका डेअरीपाशी, इथं कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, गाडी थांबवायला लावली, चिप्सचं मोठं पाकीट घेतलं आणि घर येईपर्यंत एकटीनं संपवलं. कोणाला विचारलंही नाही.