बिनचटणीचा मसूर

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, पुढं हातात पेन धरायचं कामच पडलं नाही. भाकरी थापणाऱ्या बोटांत पेन आलं की बोटांना घाम येतो. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर चुकांबद्दल माफ करावं. हे तोंडानं मला कधी सांगता आलं नसतं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही.

आमचे मालक, म्हणजे घरधनी, शाहूपुरीत एका इराणी शेठच्या चहाच्या हॉटेलात कामाला होते. मिसरूड फुटायच्या आधी लागले, ते शेवटपर्यंत तिथंच. सासूबाई नळावर घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा त्यांनी शेठकडून उचल घेतली. दर महिन्याला पगारातून थोडी थोडी कापायची ठरली. निम्मीसुद्धा फिटली नव्हती, आणि एका सकाळी कामाला जायला चपला घालताना ते उंबऱ्यावर बसले, ते उठलेच नाहीत.

दिवस झाल्यावर शेठ काठी टेकत मंगळवार पेठेत आमच्या घरी आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या पैशाचं मनात आणू नको, पोरी. सोडलं मी." पुढं मालकांचा हॉटेलात राहिलेला सदरा आणायला गेले, तेव्हा तिथला एक वेटर दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असंच म्हणाला, "सुटला बघ. वर गेला आनी उचल बी बुडवून गेला."

ते बोलणं माझ्याबरोबर घरी आलं. तवा तापायच्या आधीच मी भाकरी टाकायची. दार लावलं का म्हणून तीनतीनदा उठायची. ज्या माणसानं कधी कुणाचा घोटभर चहा फुकट घेतला नाही, त्याच्या नावानं असं बोलतात, आणि मला उलटून काही म्हणता आलं नाही. पैसे फिटले पाहिजेत, एवढं एकच डोक्यात राहिलं. पण मी घरी भाकऱ्या करून देते. त्यात दोघींचं पोट भरतं, मागं काही उरत नाही.

मग कळलं, की शेठनी सगळे दात काढलेत. कवळी यायला वेळ आहे आणि त्यांना हॉटेलातलं काही खाता येत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मी गेले. शेठ गल्ल्यावर तोंडाला रुमाल लावून बसलेले, गाल आत गेलेले.

"काय आणलंस?" म्हणाले.

"काय न्हाय. डबा करून देऊ का?" हे वाक्य मी वाटभर घोकत आले होते.

"आईच्या हातची अदसी पायजे. करतीस? मसूर असतोय."

मसूर म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. कोल्हापुरात मसूर कुणाला येत नाही? मी मान हलवली. मग जमिनीकडं बघत म्हटलं, "डब्याचं पैसं उचलीतनं वळतं करा."

"सोडलं की मी ते!"

"न्हाय."

त्यांनी रुमाल काढून माझ्याकडं बघितलं. "बरं बाई. वळतं तर वळतं."

पहिला डबा मी मन लावून केला. लसूण, खोबरं, वर दोन चमचे चटणी. वर्षाचं तिखट आम्ही मसाला घालून कुटून ठेवतो, त्याला आमच्यात चटणीच म्हणतात. तर्री कशी लालभडक आली होती. शेठनी एक चमचा तोंडात घातला आणि हातातला चमचा खाली टाकला.

"अगं ए! हिरड्यास्नी टाकं हायती माझ्या! हा धाब्यावरचा आख्खा मसूर हाय."

मग त्यांनी सांगितलं. मसूर भिजवायचा. कांदा लोण्यात तांबूस करायचा. हळद, बटाट्याच्या फोडी, मसूर, भरपूर पाणी, आणि मंद गॅस. मिळून आला की मीठ, जिऱ्याची पूड, लिंबू.

"आनी चटणी?"

"न्हाय."

"लसूण तरी?"

"न्हाय."

"मग फोडणी कशाची?"

"फोडणीच न्हाय."

मला वाटलं, माझी परीक्षा बघतात. त्यांनी गल्ल्याच्या खालून एक बारकी बाटली काढून दिली. गोलपर म्हणाले, इराणी मसाला. त्यांचा भाचा कुठूनतरी आणून देतो. बूच काढून वास घेतला. ओव्यासारखा वाटला, पण ओवा नव्हे. जरा कडवट, जरा संत्र्याच्या सालीसारखा. "चिमूटभरच, शेवटाला," म्हणाले. "आनी कुकर लावू नको. मला कळतंय."

त्या मंद गॅसनं माझा जीव खाल्ला. मसूर आपला मनानं शिजतोय आणि इकडं भाकरीवाली गिऱ्हाइकं दारात. मी सारखं झाकण काढून बघायची. काढलं की वाफ जायची, वाफ गेली की आणखी वेळ लागायचा. शेवटी कंटाळून गॅस मोठा केला आणि भाकरी थापायला बसले. उठून बघते तर खालनं धरलेला. वरवरचा काढून नेला. शेठनी चमचा तोंडाजवळ नेला आणि नुसता वास घेतला. "घाई कशाची झालीया तुला?" म्हणाले. काय सांगणार? तुमचं पैसं फेडायची घाई आहे, असं कसं म्हणणार? करपलेला डबा मी हिशोबात धरला नाही.

पुढच्या खेपेला मी समोरनं हललेच नाही. मसूर फुटला, बटाटा विरघळला, पळीच्या पाठीनं थोडा चेपला, तसा पिवळसर तपकिरी, दाट झाला. हेच ते असणार, असं मला वाटलं. लिंबू आणायला शेजारी गेले. परत आले तर सासूबाई पातेल्यापाशी काठीला टेकून उभ्या, आणि पातेलं लाल.

"आत्ती, काय केलंसा?"

"चटणी टाकली. इसरली हुतीस की! पांढरंफटक पडलं हुतं."

"ते तसंच असतंय!"

"तसं कोण खातंय? बाळंतिणीला बी आमी ह्यापेक्षा बरं घालतो. म्हाताऱ्यानं माझ्या पायाला पैसं दिलं, त्येला असलं आजाऱ्याचं देऊ व्हय?"

मी भिंतीला पाठ लावून बसले. त्या म्हणाल्या, "मग आता ह्येचं काय करायचं?" तो मसूर आम्ही दोघींनी भाकरीबरोबर खाल्ला. चांगला लागला, हेही लिहिते. मग पुन्हा मसूर भिजत घातला. डबा पोचायला उशीर झाला. शेठ दुधात बन बुडवून बसले होते. दूध बाजूला सारलं आणि अदसी खाल्ली. उरलेल्या बनानं डबा आतनं पुसून घेतला.

तिथून घडी बसली. एक दिवसाआड डबा जाऊ लागला. मला वाटलं, आता जिवाला थारा मिळेल. पण दुसरंच सुरू झालं. आमच्यात शेजारणीचं भांडं आलं तर रिकामं परत करत नाहीत, साखर तरी घालतात. शेठ जन्मले इथंच, त्यांच्यातही हे आलं होतं. डबा परत घेतला की आत काहीतरी असायचं. कधी बन, कधी खारी, एकदा चहाच्या पत्तीची पुडी. अहो, पण हा डबा शेजारधर्माचा नव्हता, विकतचा होता! दर खेपेला मी थोडे फेडायची आणि दर खेपेला ते डब्यात थोडे परत घालायचे. त्यांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. मी बनांचे पैसे मनात धरायला लागले आणि उचलीत मिळवायला लागले. रस्त्यानं येताना, भाकरी थापताना, देवापुढं बसल्यावरसुद्धा तेच. सासूबाई मात्र बन चहात बुडवून मजेत खायच्या. "खा की गं. ह्येला काय कडू लागतंय?"

मग एक दिवस शेठ गल्ल्यावर हसत बसलेले. नवी कवळी बसवली होती, तोंड सगळं दातांचंच दिसत होतं.

"आता मटण खाणार," म्हणाले. "डबा बंद. लई झालं तुझं. ऱ्हायलेलं सोडून दे आता."

अजून बरेच पैसे फेडायचे राहिले होते. मी तिथंच उभी राहिले. एक गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं, दुसरं गेलं. मग माझ्या तोंडातनं एकदम निघालं, आणि बारीक आवाजात नाही निघालं. "सोडायचं न्हाय, शेठ. उचल बुडवून गेला म्हणत्यात त्यास्नी. म्हैन्याच्या म्हैन्याला आणून देते. बनाचं बी धरलंय त्यात."

"बनाचं?"

"डब्यातल्या. आनी खारीचं."

शेठ असे हसले की कवळी धरावी लागली. "अगं खुळे, ती शिळी बनं हुती! न्हायतर म्हशीला जात हुती." मग हसू थांबलं. कोण म्हणतं ते त्यांनी विचारलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून पुढं वाकले. "बनाचं घेणार न्हाय," म्हणाले. "बाकीचं आण."

मी दोन खानावळींच्या भाकऱ्या आणखी धरल्या. मनगटं सुजली. पण आता आकडा रोज हलत नव्हता, आणि जो होता तो कमीच होत होता. दर महिन्याला मी जायची, ते मोजून घ्यायचे, मी यायची. मध्येच त्यांना अदसीची आठवण व्हायची. तेव्हा मी करून द्यायची आणि त्याचे ते वळते करायचे.

शेवटचे पैसे द्यायला गेले त्या दिवशी मी उगीच लुगडं बदललं. शेठनी अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या. मोजता मोजता थांबले, एक शंभराची बाजूला काढली आणि माझ्यापुढं सरकवली.

"ही फाटलीया. चालत न्हाय. दुसरी दे."

सोडून दिलेले पैसे कुणी असे तपासून घेत नाही. मी दळणासाठी पदराला बांधून ठेवलेली शंभराची सोडली आणि दिली. त्यांनी ती उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी बघितली, बाकीच्यांबरोबर गल्ल्यात टाकली आणि गल्ला लावला.

"फिटली," म्हणाले. "त्येची उचल सगळी फिटली."