काना उडाला की शब्द बदलतो

इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना किंचाळायचं. मी पारोळ्याहून रोज एसटीने धुळ्याला जायची, ॲनिमेशनचा कोर्स करायला. उड्या मारणारे चेंडू, फिरणारी नावं, लुकलुकणाऱ्या जाहिराती, एवढंच आम्ही शिकत होतो. क्लासच्या खालच्या मजल्यावर सायबर कॅफे होता. एका दुपारी तिथे बसून इकडेतिकडे क्लिक करताना कुठल्याशा परदेशी माणसाचं पान उघडलं. काळा पडदा आणि मधोमध एकच इंग्रजी शब्द. अर्थ होता, 'थांब'.

मी माऊस त्याच्याकडे नेला तर तो शब्द बाजूला सरकला. पुन्हा नेला, पुन्हा सरकला. शेवटी कोपऱ्यात गाठला, तेव्हा त्याची अक्षरं फुटली, पडदाभर पळाली आणि हळूहळू जुळून एक ओळ तयार झाली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ही कविता आहे.

मी खुर्चीतून उठलेच. कविता पळू शकते? वाचणाऱ्याने हात लावल्याशिवाय ती पुरी होतच नाही? शेजारच्या मशीनवर बसलेला माणूस विचारू लागला, "काय झालं, व्हायरस आला का?" मी म्हटलं, "नाही हो, कविता आली!"

आमच्या घरात कविता नवी नव्हती. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, पारोळ्यात शाळेत मराठी शिकवायचे आणि कविता करायचे. शाळेत आणि स्टेजवर प्रमाण मराठी, घरी मात्र आमची खान्देशी बोली, अहिराणी. जळगाव-धुळ्याकडचं एकही कविसंमेलन ते चुकवत नसत. मी ठरवलं, त्यांचीच एक कविता हलवायची. उन्हाळ्यातल्या दुपारीवरची त्यांची एक छोटी कविता मला पाठ होती:

घार दिसेना कुठेच
जाग येईना गावाला
काळ सरेना
मान वळेना

ती मी क्लासमधल्या मशीनवर टाइप केली. आता मराठी जसं सरळ टाइप होतं तसं तेव्हा नव्हतं. त्या फॉन्टमध्ये काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, प्रत्येकाचं बटण वेगळं. अक्षरं उन्हात विरघळताना दाखवावीत असा माझा बेत होता. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ओळ फोडली, की तिचे सगळे तुकडे सुटे व्हायचे. मी 'घार' उचलायला गेले आणि माझ्या हाती नुसता काना आला. तो ओढत ओढत पडद्याच्या टोकाला गेला. मागे राहिलं, 'घर'.

घर दिसेना कुठेच.

मी घाईघाईने दुसऱ्या ओळीतल्या 'जाग'चा काना ओढला. जाग येईना गावाला, त्याचं झालं, जग येईना गावाला. काळ सरेना, कळ सरेना. मान वळेना, मन वळेना! एका कवितेच्या पोटात दुसरी कविता बसली होती आणि ती लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. विरघळण्याबिरघळण्याचा बेत मी तिथल्या तिथे सोडून दिला. वाचणाऱ्याचा माऊस म्हणजे वारा. तो ज्या ओळीच्या पहिल्या शब्दावरून जाईल, त्या शब्दाचा काना उडेल. बस, इतकंच. ते जमवायला पुढचे कितीतरी दिवस गेले, पण ते दिवस मला सणासारखे आठवतात.

सगळं तयार झाल्यावर नानांना मी धुळ्याला घेऊन गेले. मशीनसमोर ते ताठ बसले. पडद्यावर आपली कविता पाहून सुखावले, चष्मा नीट केला. मी माऊस फिरवला. काना उडाला.

"हाई काय शे?" नाना एकदम ओरडले. "मनी कविता कोठे गयी?"

"नाना, गेली नाही. वाचा तरी."

"काय वाचू? छापेल शब्द जागावर ऱ्हायतस. वाचनारानी त्यासले हात लावाना नसतो." त्यांचा चेहरा लाल झाला होता. पोरीने आपल्या कवितेची मोडतोड केली, असंच त्यांना वाटलं. ते उठायलाच निघाले होते. मी माऊस त्यांच्या हाताखाली सरकवला. नकळत त्यांचा हात हलला आणि 'मान'चा काना भुर्रकन उडाला.

नाना थांबले. ओठांतल्या ओठांत म्हणाले, "मन वळेना." मग परत, जरा मोठ्याने. मग त्यांनी 'काळ'वरून हात नेला. त्या ओळीखालून पडद्यावर बोट फिरवलं. आणि मग लहान मुलासारखे माझ्याकडे वळले. "परत दखाड. बठ्ठं परत दखाड!" मी सगळं पहिल्यापासून दाखवलं.

परतीच्या एसटीत त्यांना दुसरं काही सुचेना. खिडकीतून दिसेल त्या पाटीवरचे काने ते उडवत होते. "नाव, नव! चाल, चल! दार, दर!" पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "गुरुजी, तब्येत बरी आहे ना?" नानांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. थोड्या वेळाने तेच गृहस्थ डोकं खाजवत म्हणाले, "साल, सल. हे चालेल का?" नाना बाकावरून अर्धे उठले. "चालेल? अहो, धावेल!" पारोळा येईपर्यंत निम्मी गाडी या खेळात ओढली गेली होती.

पुढे जळगावला कविसंमेलन ठरलं. नानांनी आयोजकांना निरोप दिला की मी कविता म्हणणार नाही, दाखवणार आहे. कुणाच्या तरी ओळखीने एका कॉलेजचा प्रोजेक्टर मिळाला. मी क्लासचा कॉम्प्युटर मागून आणला आणि रजईत गुंडाळून रिक्षातून हॉलवर नेला. अध्यक्ष वयस्क कवी होते. ते माईकवर म्हणाले, "आता कवितेचा सिनेमा बघूया," आणि हॉल हसला. नाना मात्र उभे राहून शांतपणे म्हणाले, "सिनेमा नुसता बघायचा असतो. इथे तुमच्यापैकी कुणालातरी वर यावं लागेल. मी वारा होणार नाही, वारा तुम्ही व्हायचं."

कुणीच उठेना. माना खाली गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून जामनेरच्या एक अक्का उठल्या. त्या स्वतः कविता करायच्या, यादीत आमच्यानंतर त्यांचंच नाव होतं. नऊवारी सावरत त्या स्टेजवर आल्या. "दाखव बाई, कुठे हात ठेवायचा?"

मी माऊस दिला. तो हलेना. टेबलावर मखमलीचा कपडा होता आणि माऊसच्या पोटातली गोळी त्यावर फिरतच नव्हती. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, हारांच्या तबकाखालचं वर्तमानपत्र ओढून काढलं आणि टेबलावर पसरलं. माऊस चालू लागला.

अक्कांनी पहिला काना उडवला. समोरच्या भिंतीवर 'घार'चं 'घर' झालं आणि मागून कुणीतरी "अरेच्चा!" म्हणालं. मग हॉलच अक्कांना रस्ता सांगू लागला. "वर, अक्का, वर! डावीकडे! त्या 'जाग'वर न्या!" अक्कांनी नेला. काना उडाला. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "जग येईना गावाला." आणि माईककडे वळून म्हणाल्या, "येईना कसं? हे काय आलंय समोर!" हशाने हॉल दणाणला. अध्यक्षही रुमाल तोंडाला लावून हसत होते.

मग अक्कांचा हात 'काळ'वरून गेला. कळ सरेना. या वेळी कुणी हसलं नाही. ती ओळ त्यांनी इतक्या हलक्या आवाजात वाचली, की मागचे लोक पुढे झुकले. शेवटी 'मान'चा काना उडाला आणि भिंतीवर दुसरी कविता उभी राहिली.

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर अक्कांनी मला विचारलं, "हे काने परत येतात का गं?"

उडवायचं मी शिकवलं होतं, परत आणायचं सुचलंच नव्हतं. नाना पुढे झाले. "येतात," ते म्हणाले, "पण बोलवावे लागतात. सगळ्यांनी मिळून जुनी कविता म्हणा." हॉल एका सुरात म्हणू लागला, घार दिसेना कुठेच. इकडे मी पाठ फिरवून पान पुन्हा सुरू करत होते. शेवटची ओळ होता होता भिंतीवर सगळे काने जागच्या जागी हजर झाले. लोक उभे राहिले. तो जल्लोष माझ्या कानांत अजून आहे. अध्यक्षांनी मला जवळ बोलावून विचारलं, "माझ्या एका कवितेचं असं काही होईल का?"

धुळ्याला क्लासमध्ये परतल्यावर मी पहिलं काम अक्कांच्या प्रश्नाचं केलं. माऊस स्थिर ठेवला की काने एकेक करून परत येतील, असं केलं. वारा पडला की काने घरी. मग ती कविता एका फुकटच्या वेबसाइटवर ठेवली. दूरदेशीच्या एका मराठी बाईंचा मेल आला. त्यांनी लिहिलं होतं, इकडे बर्फ पडतोय आणि मी तुमच्या दुपारीत बसले आहे. नानांनी तो मेल छापून घेतला आणि भेटेल त्याला वाचून दाखवला. "जग आलं गावाला," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे.

पुढे ती फुकटची वेबसाइट बंद झाली. काही वर्षांनी ते सॉफ्टवेअरही मेलं. माझ्याकडच्या सीडीतली फाइल कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडेना. मी ॲनिमेशन सोडलं नव्हतं, जळगावात माझं छोटं ऑफिस आहे, पण या कवितेकडे वळायला वेळ झाला नाही. परवा नानांनीच विषय काढला. ते आता खूप थकलेत, पण मोबाइल हातातून सोडत नाहीत. म्हणाले, "ती उडनारी कविता याच्यावर चाली का?"

मी पुन्हा बसले. या वेळी अडचण उलटी. नव्या पद्धतीत काना अक्षराला घट्ट चिकटलेला असतो, सुटता सुटत नाही. प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढून, सोडवून, जमवलं. नानांच्या हातात फोन दिला. त्यांनी बोट फिरवलं, काना उडाला, बोट उचललं, काना परत आला. ते खुदकन हसले. आणि लगेच म्हणाले, "आते वेलांटी फिरवू. 'दिन' लिख. बोट लावं की वेलांटी पलटी खाई, 'दीन' व्हई जाई. कर चालू."

मी कॉम्प्युटर ओढून घेतला. नाना शेजारी बसून शब्द सांगताहेत, वेलांटीवरून उकारावरही गेलेत. "सुत, सूत. शिर, शीर. थांब, लिखी ले, आजून यी ऱ्हायनात!"