भट्टीवाल्या मामांचा निळा धूर

“मामा, भुसा कोंबून राहिले का भट्टीत? धूर पाहा कसा मातकट निघून राहिला! उद्यापासून येऊ नोका!”

शेठजी खाटेवरून ओरडत होते. आवाज असा, की वरठी स्टेशनात उभी असलेली गाडी भोंगा समजून सुटावी. लाखनीजवळची ती राईस मिल. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी तिथं पोती शिवायचो. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी वाफ करणारी भट्टी मामांच्या ताब्यात. त्यांची सतरा वर्षांची नोकरी त्या एका ओरडण्यात चालली होती.

मामा म्हणजे धुराचे वैद्य. नुसत्या धुरावरून भुसा कोंढा गावचा की लाखनीचा, ते सांगत. कोणाच्या बांधीतल्या धानाचा, हेही सांगितलं असतं. गावात भांडणं नकोत म्हणून गप्प राहत. बिडी पेटली की आमची शाळा सुरू. “टोकाचा धूर पाय, निळा. तोंडातला पांढरा. काहून? पोटात जाऊन कण पानी पेतात, फुगतात!”

त्या सकाळी मात्र मामा एवढंच म्हणाले, “शेठजी, खाट तिकडं नेतो.” आणि उचलली. मी म्हणतो, शेठजींसकट उचलली. काही लोक म्हणतात, शेठजी आधीच उतरले होते. ते लोक दुसऱ्या बाजूला उभे असतील.

खाट धुराड्याच्या पूर्वेला आली. आता सूर्य पाठीशी आणि बुटक्या धुराड्यामागं गर्द आमराई. शेठजींनी डोळे चोळले. धूर निळाशार!

“काई टाकलं का भट्टीत?”

“मी तं इथंच हावो, शेठजी. धूर तोच हाय. काजळीचे कण लई बारीक; उजेडातला निळा आजूबाजूले उडवतात. मागं अंधारी झाडी असली तं तो उडालेला निळा दिसते. मंघाशी मागं आभाळ होतं. निळा वाटेतच उडाला, तुमच्या डोळ्यापाशी मातकट तेवढा पोचला. भुसा कोंबला असता, तं जाड काजळीनं उजेडच गिळला असता. तो धूर दोन्हीकून काळा. तसा दिसला, तं मले काढजा.”

शेठजींनी पाय वर घेऊन तिथंच मांडी घातली. तो निळा धूर पाहायला हायवेवरचे ट्रक थांबले होते. मी स्वतः अकरा मोजले.

मामा पुढं बारा वर्षं भट्टीवर राहिले. ते वारले, त्या हंगामात नवा भट्टीवाला आला. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, “शेठजी, खाट इथं उन्हात, धगीत काहून? सावलीत नेऊ का?”

शेठजी धुराकडं पाहत म्हणाले, “मामानं ठेवली.”