गुणाजी भावोजींचा आवाज कसा गेला

आमच्या काळाचौकीच्या नाट्यमंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून मंडळाने एक जाडजूड पुस्तक छापलं. त्यात माझ्या धाकट्या दिराचा, गुणाजी भावोजींचा, फोटो आहे. खाली एकच ओळ: 'व्यसनापायी ऐन उमेदीत आवाज गमावलेला गुणी नट.' नातीने वाचून दाखवलं आणि माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. ज्याने हे लिहिलं त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी तिथे होते. तेव्हा कुठलं व्यसन आणि कुठला आवाज, ते मी सांगते.

भावोजी लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर. बायको गावाला शेत आणि गुरं बघायची. भावोजी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून माझ्या हातचं जेवायचे. नाटकाची तालीम सुरू झाली की त्यांची पथ्यं बाळंतिणीला मागे टाकायची. 'वयनी, आज तळलेला नको हां. ताक पण नको. गरम पेज दी.' विडी नाही, तपकीर नाही, चहा अर्धा कप. पहाटे मैदानाच्या कडेला उभं राहून नाकाने श्वास भरायचा आणि मनात आकडे मोजत हळूहळू सोडायचा. तीस आकडे झाले की स्वारी खूश. पंचवीसवर दम संपला की दिवसभर तोंड उतरलेलं.

मी चिडवायची, 'भावोजी, तुमच्यापेक्षा गणपतीची मूर्ती सांभाळणं सोपं.'

'मूर्ती धा दिवसांची, वयनी,' ते म्हणायचे. 'माझो गळो माका म्हातारपणापर्यंत पुरवचो आसा.'

आता तुम्हीच सांगा, हा माणूस व्यसनी?

त्यांचा गळा खाल्ला तो कापसाने. साच्याचा धोटा असतो, त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, आणि धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावून सूत तोंडाने ओढून बाहेर काढायचं. दिवसातून शंभर वेळा. प्रत्येक ओढीला सुताबरोबर कापसाची भुकटी छातीत. घरी येऊन ते खाकरायचे तेव्हा पांढरं पडायचं. पण हे कोण छापणार? दारू छापायला सोपी पडते.

साच्यांचा खडखडाट असा की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून साचेवाले ओठांनी आणि हातांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, ओठ नीट वळवायचे, आवाज काढायचाच नाही. चार साच्यांपलीकडचा गडी पाच बोटं जुळवून तोंडाशी नेणार, भुवया वर करणार: जेवलास? हा तिकडून मान हलवणार. आमचे हेही साच्यावरच. दोघे भाऊ माझ्या कालवणाला नावं ठेवायचे ती अशीच, बिनआवाजी, माझ्यासमोर बसून. ते वाचायला मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कामगारांच्या नाटकांची स्पर्धा होती. ठाकूरद्वारचे हेरंबराव म्हणून कारकून होते, ते आमच्या मंडळाचं नाटक बसवायला यायचे. माणूस सज्जन. धोतराचा सोगा हातात धरून चाळीचा जिना चढायचे. नाटक त्यांनीच लिहिलेलं. घर सोडून गेलेल्या मुलाची वर्षानुवर्षं वाट पाहणारा गलबतावरचा एक म्हातारा तांडेल, आणि शेवटच्या अंकात मुलगा परत येतो तेव्हा त्या तांडेलाचं दोन पानी भाषण. तांडेल भावोजींनी करायचा होता. इतकं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

हेरंबराव सारखे एकच सांगत, 'गुणाजी, तोंड वेडंवाकडं करू नका. चांगल्या नटाचे ओठ दिसत नाहीत, शब्द ऐकू येतात.'

भावोजी मान डोलवायचे. घरी आले की आरशासमोर ओठ आवळून ते भाषण म्हणायचे, जसं काही दात दुखतायत.

प्रयोगाला पंधरा दिवस राहिले आणि घसा बसला. भोईवाड्याच्या डॉक्टरांनी बॅटरीने आत बघितलं आणि सांगितलं, गळ्याला सूज आहे, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. भावोजींनी ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. शेजारचा साचेवाला त्यांच्या धोट्याचं सूत ओढून देई. तालमीत ते नुसते ओठ हलवायचे आणि हेरंबराव कपाळाला हात लावायचे.

बारावा दिवस. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघणार होता. आमच्याकडे मोर्चा म्हणजे घरातलं कार्य. न जाणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, जा, पण तोंड मिटून चाला. ते गेले. त्या गर्दीत ते नुसते ओठ हलवत होते आणि कुणाला कळतही नव्हतं. पण शेजारी चालत होता बुधाजी, आमच्या खालच्या मजल्यावरचा, मंडळाचा चिटणीस, ज्याला सगळ्यांच्या घरात नाक खुपसल्याशिवाय जेवण पचत नसे. ह्याच्या तोंडातून आवाजच येत नाही, हे त्याला कळलं.

'काय रे गुण्या, गळो मालकाकडे गहाण टाकलंस काय?'

भावोजींनी गळ्याला हात लावून दाखवलं.

'नाटकाक गळो आसा, महाराष्ट्राक नाय?' बुधाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. 'पोरां छातीवर गोळये झेलून गेली. ह्याका आपल्या सोंगाची काळजी.'

आमच्या वाडीतला एक मुलगा त्या गोळीबारात गेला होता. त्याचा बाप मोर्चात चार पावलं पुढे चालत होता. त्याने मागे वळून भावोजींकडे पाहिलं. आमचे हे सांगतात, त्यानंतर गुणाजी जो ओरडायला लागला तो थेट मोर्चा संपेपर्यंत. मुंबईसह महाराष्ट्र मागताना त्याच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्या होत्या. घरी आले तेव्हा हवा होती, आवाज नव्हता.

मला महाराष्ट्र नको होता असं नाही. पण माणसाचं प्रेम त्याच्या ओरडण्यावरून मापायचं, हे कुणी ठरवलं? बुधाजी स्वतः मोर्चात निम्मा वेळ पान चघळत होता, म्हणून त्याचा गळा शाबूत.

दुसऱ्या दिवशी हाच शहाणा धोतराच्या निरीत लपवून बाटली घेऊन आला. दारूबंदीचे दिवस ते. म्हणे, 'वयनी, ब्रांडी आसा. मोठमोठे नट हीच घेतत. दोन घोट गेले की गळो सुटता.'

भावोजींनी हातानेच नाही म्हटलं. बुधाजी बाटली ठेवून गेला. मी रागाच्या भरात ती उघडली आणि सगळीच्या सगळी मोरीत ओतली. चुकलं ते इथे. आमच्या मोरीचं पाणी गॅलरीतल्या उघड्या पन्हळीतून जायचं. पाच मिनिटांत तिन्ही मजल्यांवर वास. संध्याकाळी नळावर बायका कुजबुजत होत्या, गुणाजीच्या आवाजाचं कारण आज कळलं म्हणून. मी घसा फोडून खरं सांगितलं. पण वासापुढे माझं कोण ऐकतो? पुस्तकात छापून आला तो हाच वास.

रविवारी दुपारी परळला प्रयोग. हेरंबराव विंगेत डोकं धरून बसलेले. 'गुणाजी, दुसऱ्या कुणाला पुस्तक हातात देऊन उभं करतो.' भावोजींनी दाढी चिकटवता चिकटवता मान हलवली: नाही.

पहिले दोन अंक कसेबसे फुसफुसत काढले. पुढच्या खुर्च्यांवर परीक्षक कानामागे हात धरून. मागे बाकांवर आमची गिरणगावची माणसं. तिसऱ्या अंकात मुलगा दारात आला आणि भावोजींनी तोंड उघडलं तर फुसफुसही येईना. मी बायकांच्या बाजूला पदर तोंडात धरून बसले होते. आता पडदा पाडतील, आणि हा माणूस पुन्हा कधी रंगभूमीवर उभा राहणार नाही, एवढंच डोक्यात.

ते क्षणभर थांबले. मग त्यांनी ओठ सोडले. हेरंबरावांनी दोन महिने आवळून ठेवायला लावलेले ओठ त्यांनी साच्यावरच्यासारखे मोकळे केले. त्या दोन पानी भाषणातला एक शब्द घेतला नाही. मुलाकडे आणि त्याच्यामागच्या अख्ख्या थेटराकडे बघून नुसत्या ओठांनी म्हणाले, किती वाळलास. मग म्हणाले, तुझी आई गेली. मग पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली, भुवया वर केल्या.

मागच्या बाकांवर चारशे माणसं रोज एकमेकांना हेच विचारणारी. कुणी खोकलं नाही. माझ्या मागे बसलेली कांडी खात्यातली एक बाई हळूच म्हणाली, 'नाय रे बाबा, खंय जेवलो असतलो तो.' आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

परीक्षक एकमेकांकडे पाहत होते. त्यांना काय दिसणार? त्यांनी लिहिलं, 'प्रमुख नटाच्या वाचिक अभिनयाचा पूर्ण अभाव.' बक्षीस दुसऱ्यांना. मागे वळून एकदा बाकांकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. पण साहेब लोकांची मान मागे वळत नाही.

पडदा पडल्यावर मी विंगेत गेले, तेव्हा हेरंबराव म्हणत होते, 'माझं भाषण तुम्ही म्हटलंच नाही, गुणाजी.'

भावोजींनी ओठांनी उत्तर दिलं. हेरंबरावांना कळेना, म्हणून मी सांगितलं, 'ते म्हणतात, भाषण ऐकू येण्यासारखं होतं, दिसण्यासारखं नव्हतं.' हेरंबराव म्हणाले, पुढच्या वेळी लिहिताना ध्यानात ठेवतो. म्हणून म्हटलं, माणूस सज्जन.

आवाज चार महिन्यांनी आला तो गंजलेला, दहा पावलांपलीकडे न जाणारा. मोठं काम परत मिळालं नाही. पण मंडळाची नाटकं पुढची वीस वर्षं त्यांनीच बसवली. पद्धत एकच. नटाने आधी अख्खं काम आवाज न काढता करायचं. नट गॅलरीच्या एका टोकाला, भावोजी दुसऱ्या टोकाला नळापाशी. एक शब्द जरी दिसला नाही तरी हात वर. पुन्हा. श्वास पुरला नाही तर दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर.

एका नाटकात बुधाजीला शिपायाचं काम होतं. दोन वाक्यं. भावोजींनी त्याच्याकडून ती चाळीस वेळा बिनआवाजी करून घेतली. पान थुंकून ये, असंही त्यांनी खुणेने सांगितलं. मी दारात तांदूळ निवडत बसले होते आणि एकदाही मध्ये पडले नाही.